सौदीत सायकल सहल कुठे जमते, आणि का

सायकल टूरिंग म्हटलं की डोळ्यांसमोर बहुतेक वेळा इंग्लंडच येतं. हलके हिरवे चढउतार, दगडी घरांचं गाव, चर्चचा मनोरा, दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण असलेला जेमतेम एका गाडीचा रस्ता, आणि संध्याकाळी पब. ब्रिस्टल किंवा लीड्सला शिकणारा मावसभाऊ असे फोटो टाकतो. इकडे रियाधला, जुबैलला किंवा जेद्दाला नोकरी करणारे तुम्ही ते बघता आणि म्हणता, आपल्याकडे काय, वाळू आणि हायवे.

वाळू आणि हायवे आहेतच. पण इंग्लंडमध्ये सायकल सहल जमते ती फक्त निसर्ग हिरवा आहे म्हणून, असं मला वाटत नाही. तिथे ती जमते कारण गावं जवळजवळ आहेत आणि त्यांना जोडणारे जुने, अरुंद, वळणावळणाचे रस्ते अजून शिल्लक आहेत. हे नीट समजलं की सौदीचा नकाशा वेगळ्या नजरेने बघता येतो.

आधी इंग्लंडचा हिशोब बघू. ब्रॅक्टन या न्यायपंडिताच्या नावावर असलेल्या तेराव्या शतकातल्या कायदेग्रंथात बाजारांबद्दल एक मजेदार नियम आहे. नवा बाजार जुन्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या आत भरू नये, नेमकं सांगायचं तर ६ पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत. कारण असं दिलंय की माणूस दिवसाला वीस मैल चालतो. त्याचे तीन भाग करा. एक भाग जायला, एक भाग बाजारहाटाला, एक भाग अंधार पडायच्या आत घरी परतायला. नियम प्रत्यक्षात किती पाळला गेला हा इतिहासकारांचा विषय, पण मोजमाप कुठून आलं ते स्पष्ट आहे: पायी चालणाऱ्या माणसाच्या पायांतून. आपल्या आठवडी बाजारांच्या गावांचं गणितही फार वेगळं नाही. वारीचंच घ्या ना. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटरची वाट लक्षात राहते ती मुक्कामांनी. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. पुणे-नाशिकची मंडळी पंढरपूरला सायकल वारी करतात, त्यांनाही याच तयार साखळीचा फायदा मिळतो.

एकोणिसाव्या शतकात सायकल आली तेव्हा इंग्लंडात ही साखळी तयारच होती. १८७८ मध्ये हॅरोगेटला सायकल सहलीचा क्लब स्थापन झाला, तो पुढे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब म्हणून प्रसिद्ध झाला. त्याने केलेलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे खानावळी आणि मुक्कामाच्या जागांशी दर ठरवून घेणं. दारावर पंख असलेल्या चाकाची पाटी दिसली की सभासदाने समजायचं, इथे आपली सोय आहे. पुढे १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवरून सायकल न्यायला परवानगी मिळाली, आणि १९९५ मध्ये लॉटरीच्या पैशातून राष्ट्रीय सायकल जाळ्याचं काम सुरू झालं. नवे रस्ते बांधण्यापेक्षा असलेल्या गल्ल्या, कालव्यांच्या कडा आणि बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटा एकमेकींना जोडण्यावर त्यात भर होता.

आता सौदीकडे येऊ. अशी साखळी इथे कधी नव्हतीच, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. अब्बासी खलिफांच्या काळात, म्हणजे आठव्या-नवव्या शतकात, इराकमधल्या कूफापासून मक्केपर्यंत चौदाशे किलोमीटरहून लांब हजची वाट बांधून काढली होती. तिचं नाव दर्ब झुबैदा. हारून अल-रशीदची राणी झुबैदा, तिने या वाटेवर विहिरी आणि तलाव बांधायला अमाप पैसा घातला म्हणून हे नाव. साधारण पन्नास किलोमीटरवर मोठा मुक्काम आणि दोन मोठ्या मुक्कामांच्या मध्ये एक छोटा. मुक्कामावर विहीर किंवा बिरका, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा दगडी हौद. त्यांतले काही हौद गोल आहेत, काही चौकोनी, आणि आजही बघायला मिळतात. अहिल्याबाईंच्या बारवा आणि घाट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. राणीने वाटसरूसाठी पाणी बांधायचं, ही रीत दोन्हीकडे एकच. आणि आकडे परत बघा. पन्नास किलोमीटर, मध्ये पंचवीसवर पाणी. सामान लादलेल्या सायकलसाठी आजही कोणी याहून चांगला हिशोब मांडून दाखवणार नाही.

हे मोजमाप मोडलं ते मोटारीने. हायवे आखताना उंट किंवा माणूस किती चालतो हा प्रश्नच उरला नाही. प्रश्न फक्त पेट्रोलच्या टाकीचा. आज दोन शहरांच्या मध्ये 'गाव' म्हणजे पेट्रोल पंप. पंपाला लागून एक छोटी मशीद, एक बकाला म्हणजे किराणा दुकान, टायरवाला, आणि चहाचं खोपटं. हे चहावाले बऱ्याचदा केरळचे किंवा बांगलादेशचे असतात, आणि तोडकंमोडकं हिंदी तिथे चालून जातं. पंपांमधलं अंतर कधी वीस किलोमीटर, कधी सत्तर-ऐंशी. गाडीला हा फरक जाणवतही नाही. सायकलवाल्याने मात्र गणित करायला हवं. उन्हात तासाला जवळपास एक लिटर पाणी लागतं. सत्तर किलोमीटर म्हणजे समोरून वारा असेल तर चार-पाच तास. म्हणजे पाच लिटर पाणी सायकलवर, शिवाय थोडं जास्तीचं, कारण पंप बंद निघू शकतो. हिवाळ्यात हे जमतं. उन्हाळ्यात जमत नाही, आणि जमवायचा प्रयत्नही करू नये. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. जिथे मजुराला सरकार सावलीत बसवतं, तिथे आपण हौसेने पेडल मारायचं काही कारण नाही.

एक चांगली गोष्ट अजून टिकून आहे, ती म्हणजे सबील. मशिदीच्या भिंतीला किंवा कोणाच्या घराच्या कुंपणाला लावलेला थंड पाण्याचा कूलर, वाटेने जाणाऱ्या कोणासाठीही. आपली पाणपोईच ती. शहरात आणि गावात सायकलवाल्याची निम्मी चिंता या कूलरमुळे मिटते.

तर मग इंग्लंडसारखी गावांची साखळी आज सौदीत कुठे सापडते? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि त्यांतलं पहिलं बहुतेकांच्या यादीतच नसतं.

ते म्हणजे अल-अहसा. दम्माम-खोबर-जुबैलच्या मंडळींना हे जवळ आहे, आणि रियाधहून दम्मामला जाणारी रेल्वे अल-अहसाच्या होफूफ शहरात थांबते. २०१८ मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. जगातलं सगळ्यात मोठं ओअॅसिस म्हणून ते ओळखलं जातं आणि इथल्या खजुराच्या झाडांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात सांगतात. 'ओअॅसिस' म्हटलं की आपल्याला कार्टूनमधलं एक तळं आणि तीन झाडं आठवतात. प्रत्यक्षात हा एक अख्खा तालुका आहे. होफूफ आणि मुबर्रझ ही जुळी शहरं, आणि त्यांच्या पूर्वेला व उत्तरेला बागांच्या मधोमध वसलेली डझनावारी गावं. एका गावातून निघून पंधरा-वीस मिनिटं पेडल मारलं की दुसऱ्या गावाची मशीद दिसते. इंग्लंडचं गणित इथे जुळतं ते असं.

बाग म्हणजे कोकणातली वाडी समजा. आपल्याकडे वर नारळ, मध्ये पोफळी, आणि पोफळीवर चढलेली मिरी. इथे वर खजूर, त्याच्या सावलीत लिंबू, अंजीर, डाळिंब, आणि खाली भाजी किंवा जनावरांचा चारा. इथे तांदूळही होतो, हसावी नावाचा लालसर भात. वाळवंटात भाताची खाचरं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण एके काळी इथे जमिनीतून झरेच फुटून वाहत होते. पाटाने पाणी, पाळीपाळीने, ज्याची पाळी त्याचं पाणी. सोलापूर-सांगलीकडच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. त्या झऱ्यांचा जोर विसाव्या शतकात, उपसा वाढल्यावर, ओसरला. १९७१ मध्ये काँक्रीटच्या कालव्यांचं मोठं जाळं पूर्ण झालं, आणि आता पंपाने उपसलेलं पाणी व शुद्ध केलेलं सांडपाणी यांवर बागा जगतात.

सायकलसाठी महत्त्वाचं असं की बागांमधल्या वाटा मोटारीच्या आधीच्या आहेत. अल-अहसाची मोठी पांढरी गाढवं एके काळी दूरवर प्रसिद्ध होती, आणि खजुराची ने-आण त्यांच्यावरच व्हायची. म्हणून वाट अरुंद, दोन्ही बाजूंना बागेची भिंत किंवा खजुराच्या झावळ्यांचं कुंपण, आणि वर सावली. इंग्लंडमधल्या झुडपांच्या कुंपणाचं काम इथे झावळ्या करतात. वारा अडतो, गाड्या हळू चालतात, आणि वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. सायकल सहलीत मजा याच गोष्टीत असते.

एक दिवसाचा फेरा सांगतो. होफूफच्या कैसरिया बाजारातून निघा. २००१ च्या आगीत हा जुना बाजार जळाला, नंतर तो पुन्हा उभारला गेला. तिथून बागांमधून पूर्वेला कारा डोंगराकडे. डोंगर म्हणायचं ते आजूबाजूच्या सपाटीमुळे, उंची फार नाही. पण वारा-पाण्याने कोरलेल्या त्याच्या अरुंद, उंच घळींमध्ये भर दुपारीही गारवा असतो, आणि पायथ्याला कुंभारकाम बघायला मिळतं. तिथून उत्तरेकडे जवाथा मशिदीपर्यंत. इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या मशिदींमध्ये तिची गणना होते. मग पश्चिमेला मुबर्रझमार्गे परत. गल्लीबोळ कसे निवडता त्यावर सगळं मिळून चाळीस-पन्नास किलोमीटर, चढ जवळपास शून्य. पाणी, चहा, खबूस आणि खजूर कुठेही मिळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वार निवडायचा तर शुक्रवारची सकाळ. सौदीत २०१३ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते, आणि शुक्रवारी जुम्माच्या नमाजापर्यंत रस्ते जवळपास रिकामे असतात. रमजानमध्ये गेलात तर दिवसा उघड्यावर खाऊ-पिऊ नका, सहल संध्याकाळनंतर ठेवा.

उत्तर-पूर्वेकडे बागा संपतात तिथे एकदम वाळूच्या टेकड्या सुरू होतात. सरकणारी वाळू गावं गिळायला लागली म्हणून १९६२ मध्ये इथे झाडांचे पट्टे लावायला सुरुवात झाली. त्या झाडांच्या रांगेशी उभं राहिलं की एका बाजूला पाटाचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला वाळवंट, दोन्ही एकाच नजरेत दिसतं. आता बागांना वाळूइतकीच दुसरी काळजी आहे, ती प्लॉटिंगची. शहर पसरतं, बाग विकली जाते, भिंत पडते आणि वाट रुंद होते. पुण्याच्या आसपासच्या उसाच्या शेतांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा क्रम पाठ आहे. युनेस्कोच्या यादीत आलेले भाग सांभाळले जातील, पण वाट ही सलग असेल तरच वाट. मध्ये चौपदरी रस्ता आला की दोन्ही बाजूंचे सुंदर तुकडे सायकलसाठी तुटतात.

दुसरी जागा म्हणजे नैऋत्येचा डोंगराळ भाग, तायफपासून अबहापर्यंत. हा भाग मराठी माणसाला समजावून सांगायला सगळ्यात सोपा आहे. वर पठार, म्हणजे आपला देश. पश्चिमेला एकदम तुटलेला कडा, म्हणजे सह्याद्री, इथे त्याचं नाव सरवात. आणि खाली समुद्रापर्यंत दमट, उष्ण, चिंचोळी पट्टी, म्हणजे कोकण. तिला म्हणतात तिहामा. घाटाला अरबीत शब्दही आहे, अकबा. फरक उंचीचा. अबहा सुमारे २,२०० मीटरवर, आणि शेजारचा सूदा डोंगर ३,००० मीटरच्या आसपास. कळसूबाई १,६४६ मीटर, तेवढं लक्षात ठेवा आणि मग गिअर निवडा.

असीर प्रांतात पाऊस पडतो, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, जुनिपरची झाडं आहेत, उन्हाळ्यात धुकंही येतं. दगडी बुरुजांसारख्या घरांची गावं आहेत, घरांच्या आतल्या भिंतींवर बायकांनी काढलेली रंगीत नक्षी आहे. रिजाल अलमा हे त्यांतलं सगळ्यात नावाजलेलं गाव कड्याच्या खाली आहे. पठारावर राहून अबहाभोवती गावोगाव फिरणं ही खरी टूरिंग, आणि ती जुलैतही जमते, जेव्हा बाकी देश भाजून निघत असतो. घाट उतरणं ही वेगळी गोष्ट. सूदाहून रिजाल अलमाकडे उतरणारा अस-सम्माचा घाट इतका उभा आहे की भरलेल्या सायकलचे ब्रेक तापतात. दुसऱ्या मोठ्या घाटरस्त्यांवर बोगदे आहेत, आणि ट्रकच्या मागे अंधाऱ्या बोगद्यात सायकल नेऊ नका एवढंच सांगेन. तायफजवळचा अल-हदा घाट ऐंशी-नव्वद वळणांचा आहे, सायकलवाल्यांचा लाडका, आणि कठड्यावर माकडांची फलटण बसलेली असते. बबून आहेत ते, माथेरानच्या माकडांपेक्षा दांडगे, तेव्हा हँडलवरच्या पिशवीत केळी ठेवू नका. जेद्दाहून तिकडे जाताना गैरमुस्लिमांनी मक्केला वळसा घालणारा रस्ता घ्यायचा असतो. पाट्या स्पष्ट आहेत.

आता सरकार काय करतंय? बरंच काही. २०२० मध्ये टूर द फ्रान्सच्याच आयोजकांनी सौदी टूर ही शर्यत सुरू केली. ती पुढे अल-उला भागात गेली, २०२४ पासून तिचं नावही अल-उला टूर झालं, आणि २०२५ मध्ये टॉम पिडकॉक तिथे जिंकला. रियाधमध्ये २०१९ साली स्पोर्ट्स बुलेव्हार्ड जाहीर झाला: १३५ किलोमीटर, पश्चिमेच्या वादी हनीफापासून पूर्वेच्या वादी सुलैपर्यंत, आणि त्याचा पहिला टप्पा २०२५ च्या फेब्रुवारीत खुला झाला. रियाधमध्ये राहत असाल तर जरूर जा. पण ही शहरातली फिरण्याची जागा आहे. गाडीत सायकल घालून न्यायची, दोन तास चालवायची, गाडीत घालून परत आणायची. आपण ज्याबद्दल बोलतोय, म्हणजे इथून निघून तिथे पोचणं, ते यात होत नाही. वादी हनीफा मात्र वेगळी. सांडपाण्याने बरबटलेली ही दरी स्वच्छ केल्याबद्दल त्या कामाला २०१० मध्ये आगा खान वास्तुपुरस्कार मिळाला. दिरियाच्या जुन्या मातीच्या भिंतींखालून तिच्यात सायकल चालवताना जुन्या नज्दच्या वाडीवस्तीची थोडीफार कल्पना येते.

सायकल कोण चालवू शकतं, हा प्रश्न इथे फार जुना नाही. २०१२ मध्ये हैफा अल-मन्सूर यांचा 'वज्दा' सिनेमा आला. हिरवी सायकल विकत घ्यायची म्हणून धडपडणाऱ्या रियाधच्या एका मुलीची गोष्ट. संपूर्णपणे सौदीत चित्रित झालेला तो पहिला कथापट मानतात. रस्त्यावर पुरुषांसोबत उघडपणे काम करता येत नव्हतं म्हणून दिग्दर्शिकेने काही दृश्यं गाडीत बसून, वॉकीटॉकीवरून सूचना देत चित्रित केली. २०१३ मध्ये बायकांना सायकलची परवानगी मिळाली, तीही बागा आणि करमणुकीच्या जागांपुरती, अबाया घालून, घरचा पुरुष सोबत असेल तर. आज जेद्दाच्या किनाऱ्यावर आणि रियाधच्या ट्रॅकवर बायकांचे गट सर्रास दिसतात. तुमच्यातल्या ज्या मुली नोकरीसाठी एकट्या आल्या आहेत त्यांच्यासाठी शहरात आता हा प्रश्न फारसा उरलेला नाही. अहसाच्या गावांत मात्र अंगभर, सैल कपडे घाला. ही पुरुषांनाही सूचना आहे. घट्ट सायकलिंग शॉर्ट्स गावच्या चौकात शोभत नाहीत, तिकडेही आणि आपल्याकडेही.

पण सौदीत रोज सायकल चालवणारा माणूस वेगळाच आहे. तो बागेत काम करतो, पंपावर काम करतो, बांधकामावर जातो. बहुतेक वेळा आपल्याच उपखंडातला. सायकल जुनी, लोखंडी, मागे कॅरिअरला दोरीने बांधलेलं काहीतरी. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली माणसं आखातात गेली, त्यांच्यातल्या जुन्या पिढीला विचारा, पहिल्या वर्षीचं वाहन कोणतं होतं. या माणसासाठी कोणी ट्रॅक आखत नाही. तो संध्याकाळी कामावरून परतताना हायवेच्या कडेने, कधी उलट दिशेने, दिव्याशिवाय जातो, कारण राहायची जागा आणि काम यांच्यामध्ये दुसरी वाटच नाही. बागांमधली वाट तुटते तेव्हा आपली सहल बिघडते. त्याला मात्र रोज जीव मुठीत धरून चौपदरी रस्ता ओलांडावा लागतो.

इंग्लंडातल्या सायकल जाळ्यावरून निवांत फिरणारा आणि शाळेत जाणारं पोर बऱ्याच ठिकाणी एकाच वाटेवर असतात. अल-अहसातही हे शक्य आहे, कारण वाटा आहेत, गावं आहेत, आणि सायकल चालवणारी माणसं आधीपासून आहेत. लागतील त्या फक्त पाट्या, तुटलेल्या ठिकाणी रस्त्याखालून किंवा वरून जोड, आणि रात्री थोडा उजेड. १३५ किलोमीटरच्या बुलेव्हार्डच्या मानाने हा खर्च किरकोळ असेल.

शेवटी तयारीबद्दल थोडं. २०१९ पासून पर्यटक व्हिसा मिळतो, त्यामुळे लंडन किंवा दुबईहून मित्राला बोलावता येईल. टायर जरा रुंद घ्या, कारण वाटेच्या कडेला काटे आणि वाळू दोन्ही असतं. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. शहराबाहेर पोलिसांनी थांबवून चौकशी केली किंवा काही अंतर मागे गाडी चालवली तर घाबरू नका, असे अनुभव या देशातून फिरलेल्या सायकलवाल्यांनी वारंवार लिहून ठेवले आहेत. इकामा किंवा पासपोर्ट हाताशी असू द्या. आणि बागेच्या दारातून कोणी 'तफद्दल' म्हणून हात केला तर थांबा. 'या, बसा' असा त्याचा अर्थ. छोट्या कपात कहवा येईल, सोबत खजूर. कप रिकामा झाला की यजमान पुन्हा भरत राहतो, पुरे झालं की कप हलकेच दोन-तीनदा हलवून परत द्यायचा. त्या बागेत काम करणारा कोणी शेजारी उभा असेल तर पुढची वाट त्यालाच विचारा, त्या गल्ल्या त्याच्या पायाखालच्या असतात.